आगाऊ नमस्कार

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला लोक ‘पायापडे’ म्हणत. इतकी वर्षं झाली, तरी कोणी हसत हसत हा शब्द काढला की माझं टाळकं सरकतं. मी मुळातच तापट. माय म्हणायची, हा पोटात असताना मी मिरच्या लय खाल्ल्या, त्याचं हे फळ. पण पायापडे म्हणणारे खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती.

गोष्ट चांद्याची आहे. चंद्रपूर हे नाव तेव्हा पाट्यांवर आलं नव्हतं, सारे चांदाच म्हणायचे, आणि गडचिरोली ही आमच्याच जिल्ह्यातली जंगलातली तहसील होती. कॉलेज नवीन निघालेलं. धानपट्ट्यातली, जंगलपट्ट्यातली पोरं पहिल्यांदाच मॅट्रिकच्या पुढे सरकत होती. टीममध्ये कोणी मूल गावाकडचा, कोणी सावलीकडचा, गोलकीपर चिमूरचा, आणि एक तर थेट सिरोंच्याहून आलेला. तो चिडला की त्याला फक्त तेलुगू सुचायची. बहुतेकांच्या घरी धान, काहींच्या घरी नदीवरची जाळी. अंगातल्या ताकदीचं तर विचारूच नका. धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत पोटरीभर चिखलात सकाळपासून वाकलेली पोरं ती. धावायला लागली की शहरातली पोरं धापा टाकत मागे राहायची. मी त्यांचा कॅप्टन आणि सेंटर हाफ. म्हणजे मैदानाच्या मधोमध उभं राहून सगळ्यांवर ओरडायचं काम माझं, आणि ते मला छान जमायचं.

तरी आम्ही हरायचो. साधंसुधं नाही, नाक कापून हरायचो. कारण एकच. कोणाला पाय लागला की आमचा पोरगा थांबून त्याच्या पाया पडायचा.

आता तुम्ही म्हणाल, ही तर आपल्या सगळ्यांच्याच घरातली रीत. बरोबर आहे. चुकून पाय लागला की वाकायचं, हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा. मग तो माणूस असो, पुस्तक असो की खळ्यातली धानाची रास. पण शहरातला पोरगा मैदानात उतरताना ही रीत खुंटीला टांगून येतो. आमच्या पोरांना ते जमेना. समजायला लागल्यापासून मायच्या हातचे धपाटे खाऊन अंगात मुरलेली गोष्ट ती, शिट्टी वाजली म्हणून थोडीच निघणार!

वर्ध्याच्या टीमशी झालेली एक मॅच मला अजून डोळ्यांसमोर दिसते. आमच्या बॅकनं त्यांच्या खेळाडूकडून झकास बॉल काढून घेतला. बॉल पायात, समोर रान मोकळं. पण काढून घेताना त्याचा अंगठा समोरच्याच्या नडगीला लागला होता. झालं. हा बॉल तिथंच सोडून मागे फिरला, वाकला, त्या पोराच्या गुडघ्याला हात लावून कपाळाला लावला आणि वर विचारतो, लागलं काय भाऊ? भाऊनं बॉल पायात घेतला आणि सरळ गोल मारला. रेफरी बिचारा तोंडात शिट्टी धरून बघत राहिला, कारण असल्या प्रसंगी काय वाजवायचं हे त्याच्या नियमात कुठंच नव्हतं.

मी मधून बोंबलायचो, ‘अबे, बॉल पाह्य, बॉल!’ आणि तेवढ्यात माझाच पाय कोणाला लागला की मीही वाकायचो. रागानं लाल होऊन वाकायचो, पण वाकायचो.

आमच्या टीमचा कारभार तर्कशास्त्र शिकवणाऱ्या सरांकडे होता. ते पुण्याकडचे. स्वतः कधी फुटबॉलला पाय लावलेला नाही, पण नियमांचं पुस्तक तोंडपाठ. आमचा हा रोग पाहून त्यांनी आम्हाला झाडाखाली बसवलं आणि शुद्ध भाषेत समजावलं, की या खेळात पाय लागणं हा अपघात नसून गृहीतच आहे, आणि जे गृहीत आहे त्याबद्दल क्षमा मागणं तर्कदृष्ट्या निरर्थक आहे. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्याच धक्क्याला दोघं जण एकमेकांच्या पाया पडताना एकमेकांच्या डोक्यावर आपटले. पालथ्या घड्यावर पाणी! मग सरांनी सरावाला आमचे हात पाठीमागे रुमालानं बांधले. तर पोरं नुसती मान वाकवून नमस्कार करायला लागली. सरांनी चष्मा काढून पुसला आणि त्या दिवशी सराव लवकर संपवला.

अशी दोन-तीन वर्षं गेली. दुसऱ्या कॉलेजांच्या टीमा आमच्याशी मॅच लागली की पेढे वाटायच्या बेतात असायच्या.

आता यात माझ्या बाबांचा संबंध कुठं आला ते सांगतो. बाबांनी आयुष्यात फुटबॉल पाहिला नव्हता. पण मूलच्या बाजारात धान घेऊन गेले असता एका व्यापाऱ्यानं चारचौघांत त्यांना विचारलं, ‘काहो भाऊ, तुमचा पोरगा आधी लाथ मारते अन् मंग पाया पडते म्हणे?’ सगळा बाजार हसला. बाबा धान मोजून घरी आले. आणि नेमका त्याच आठवड्यात माझा इंटरचा निकाल लागला. इंग्रजीनं दगा दिला होता, मी नापास.

बाबा थंड माणूस. तापट माणसाचा राग दुधासारखा उतू जातो आणि संपतो, थंड माणसाचा राग संपत नाही. त्यांनी मला ओट्यावर बोलावलं. हातातली विडी विझली होती, ती तशीच बोटांत धरून म्हणाले,

‘दोन कामं करतो, अन् दोनीत हारतो. परीक्षा तं उनाळ्यात हाये, तिचं मंग पाहू. पह्यले बॉल. यंदा तुमची टीम शेवटपर्यंत जिंकून दाखव. नाई जिंकला तं बिस्तर गुंडाळून घरी ये. बांधी वाट पाहून राह्यली.’

बांधी म्हणजे आमच्याकडे बांध घालून पाणी अडवलेलं धानाचं शेत. तिच्याशी माझं वैर नव्हतं. तिनंच आम्हाला जेवू घातलं. पण मला शिकायचं होतं हो. आमच्या गावानं बी. ए. झालेला माणूस पाहिला नव्हता, आणि मला तो दाखवायचा होता. हायस्कुलात मास्तर व्हायचं, पोरांना इतिहास शिकवायचा, गडावरच्या गोंड राजांच्या गोष्टी सांगायच्या, असं माझं ठरलेलं होतं. माय मधे पडली, म्हणाली, बॉलवरून कोणी पोराचं शिक्षण सोडवते काय? बाबा म्हणाले, मी बोललो ते बोललो. त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्या वर्षी रोवणा करताना मी चिखलात पाय रोवून उभा राहायचो आणि मनात यायचं, की पुढच्या वर्षीपासून हेच.

रोवणा उरकून कॉलेजात परतल्यावर मी हे पोरांना सांगितलं. सांगितलं म्हणजे आरडाओरडाच केला. तुमच्या नमस्कारापायी माझं शिक्षण जाणार, यापुढे जो वाकेल त्याची मी कंबर मोडीन, वगैरे वगैरे. पोरं खाली मान घालून ऐकत राहिली. वाईट सगळ्यांनाच वाटलं. पण वाईट वाटून काय होतं? त्याच संध्याकाळी सरावात आमच्या लेफ्ट आउटचा पाय मला लागला, आणि तो वाकला.

हा लेफ्ट आउट सावलीकडचा, वैनगंगेच्या काठचा. घरी जाळी, डोंगा, आणि नदीकाठी थोडी शेती. डेबरा होता, सगळी कामं डाव्या हातानं आणि डाव्या पायानं करायचा, म्हणून त्याला मैदानाच्या डाव्या टोकाला ठेवलेला. बोलायचा अगदी कमी. मी त्याच्यावर तोंडसुख घ्यायला लागलो, तर तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला,

‘भाऊ, आमी सकाळी डोंगा ढकलतो तवा गंगेच्या एकदा पाया पडतो. मंग दिवसभर तिच्यातच पाय देतो. दर पावलाले कोनी पाया पडते काय?’

‘मग?’

‘मंग आधीच पडून घेऊ ना. सगळ्याइच्या. पूर्ण मॅचचं एकदम.’

 आमच्या घरीसुद्धा नांगर जुंपण्याआधी बाबा जमिनीला एकदाच हात लावून कपाळाला लावायचे, आणि नंतर दिवसभर तिच्यावर चालायचे. इतकी सरळ गोष्ट, आणि आमच्या एकाच्याही डोक्यात ती आली नव्हती. गोलकीपर तर म्हणाला, आगाऊ नमस्कार! त्या दिवसापासून तेच नाव पडलं.

सरांना मात्र हे पसंत पडलं नाही. गुन्हा घडण्याआधी माफी? हे तर्कात बसत नाही, आणि शिवाय खिलाडूपणालाही शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, सर, तर्कात बसून आम्ही तीन वर्षं हरलो. त्यांनी अडवलं नाही. पण पुढे जेव्हा जेव्हा आम्ही आगाऊ नमस्कार करायचो, तेव्हा सर दुसरीकडे तोंड करून गावाभोवतीच्या परकोटाच्या भिंतीकडे बघत उभे राहायचे.

पहिली मॅच पुन्हा वर्ध्याच्याच टीमशी लागली. शिट्टीच्या आधी आम्ही रांगेनं गेलो आणि त्यांच्या एकेकाच्या पाया पडलो. प्रत्येकाला सांगितलं, खेळताना पाय लागेल, राग मानू नका भाऊ. ती पोरं हसून हसून बेजार. एकानं तर मला ‘शतायुषी भव’ म्हटलं. मी दात ओठ खाल्ले आणि पुढच्याच्या पाया पडलो.

आणि मग शिट्टी झाली. काय सांगू तुम्हाला! पोळ्याला तोरण तुटल्यावर बैल सुटतात ना, तशी आमची पोरं सुटली. कोणी वाकेना, कोणी थांबेना. सिरोंच्याचा गडी समोरच्याला असा भिडला की तो बाजूला जाऊन पडला, आणि हा मागे वळूनसुद्धा न पाहता तेलुगूत काहीतरी ओरडत बॉल घेऊन पुढे. हिशेब आधीच चुकता झालेला, आता कशाची भीती? लेफ्ट आउटचा डावा पाय तर त्या दिवशी मोकळा झाला. हाफटाइमच्या आत वर्धेकरांचं हसू मावळलं, आणि मॅच संपल्यावर आम्ही एकमेकांकडे बघत उभे राहिलो, कारण जिंकल्यावर काय करायचं असतं हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी गोलकीपर म्हणाला, चला, भजी खाऊ.

त्यानंतर आम्ही जिंकतच गेलो. दौऱ्यावर गेलो तिथं जिंकलो, घरी खेळलो तिथं जिंकलो. आणि जिंकणाऱ्याच्या मागे लागतात तशा अफवा आमच्याही मागे लागल्या. चांद्याची पोरं जंगलातली, पायाला हात लावून मंतर टाकतात आणि समोरच्याचे पाय जड होतात, अशी बातमी आमच्या आधी गावोगाव पोहोचायला लागली. एका टीमचा गोलकीपर खिशात लिंबू घेऊन उभा होता. उडी मारताना ते लिंबू बाहेर पडलं, त्याचं लक्ष तिकडे गेलं आणि बॉल आत. मी त्यांच्या कॅप्टनला जाऊन विचारलं, ‘अबे, कॉलेजात शिकता अन् लिंबू बाळगता?’ तो म्हणाला, तुम्ही नाही का पाया पडत? त्यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी भांडलो.

चांद्यात तर आमची वट वाढली. पायापडे हा शब्द तोच राहिला, पण लोक आता तो लाडानं म्हणायला लागले. कटिंगला बसलं की न्हावी आधी मॅचची सगळी हकीकत ऐकायचा आणि मग कैची हातात घ्यायचा. मला आनंद व्हायचा, नाही असं नाही. पण रात्री अंथरुणावर पडलं की बाबांचं ‘शेवटपर्यंत’ आठवायचं. एक मॅच जरी हरलो, तरी आधीच्या सगळ्या जिंकलेल्या फुकट. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं, तर बाबा शेपूटच धरून बसणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेवटची मॅच आमच्याच मैदानावर, नागपूरच्या टीमशी होती. दरवर्षी तीच टीम जिंकायची. सगळ्यांच्या पायात बूट, अंगात एकसारखे निळे बनियन. आमच्यात बूट निम्म्यांना, आणि तेही दुसऱ्याच्या मापाचे. सदरे आपापल्या घरचे, पांढरे म्हणायचे एवढंच. मी गावच्या एका माणसाबरोबर बाबांना निरोप धाडला होता, की आखरी मॅच आहे, पाहायला या. उलट निरोप आला नाही. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, अजून उरकली नव्हती, म्हटलं कशाला येतात.

पण आले. छोट्या लाईनीच्या गाडीनं, शेजारच्या काकांना सोबत घेऊन. हातात काठी, खांद्यावर दुपट्टा. मैदानाच्या एका टोकाला गोलच्या मागे चिंच होती, तिच्या सावलीत दोघं बसले. मी धावत जाऊन पाया पडलो. माय कशी आहे वगैरे झालं. मग त्यांनी एकच विचारलं, ‘तुमचं घर कोनतं?’ मी पाठीमागचा गोल दाखवला, म्हटलं, हेच, तुम्ही बसलात तेच. त्यात बॉल जाऊ द्यायचा नसतो. त्यांनी मान हलवली. शिट्टीची वेळ झाली होती, मी पळालो.

मैदानात गेलो तर घात झालेला. नागपूरकरांनी रेफरीला आधीच सांगून ठेवलं होतं, की या पोरांनी आमच्या अंगाला हात लावायचा नाही. आम्ही रांगेनं वाकलो, तर ते सगळे दोन पावलं मागे सरकले. वाकलेली आमची रांग तशीच अधांतरी. लोक हसले. मी सरळ झालो तेव्हा माझे कान तापले होते, आणि मी त्यांच्या कॅप्टनला दोन शब्द सुनवणार तेवढ्यात शिट्टी झाली.

पहिला अर्धा खेळ आठवला की अजून अंगावर काटा येतो. नमस्कार न करता ही पोरं खेळणार कशी? जुना रोग पुन्हा उलटला. पाय लागला की थांबायची, वाकायची, आणि निळे बनियनवाले मागे उड्या मारायचे, हात लावू नका म्हणून ओरडायचे. त्यांचे बॉल आमच्या गोलवर नुसते कोसळत होते. चिमूरच्या गड्यानं ते कसे अडवले त्याचं त्यालाच माहीत. छातीवर घेतले, पोटावर घेतले, एक तर तोंडावर घेतला. हाफटाइम झाला तेव्हा गोल कोणाचाच नव्हता, पण आम्ही मेल्यातच जमा होतो. मी पाण्याच्या घागरीजवळ बसलो आणि पोरांना शिव्या घालायला तोंड उघडलं, पण शिवी येईना. संपलं आता, असं वाटलं. इतिहास नको, काही नको, उद्या बिस्तर गुंडाळायचं.

तेवढ्यात आमचे सर उठले. चष्मा नीट केला, धोतर सावरलं आणि मैदान ओलांडून सरळ नागपूरच्या सरांपुढे जाऊन उभे राहिले. नागपूरचे सर वयानं बरेच मोठे, डोकं पांढरं झालेलं. आम्हीही मागोमाग धावलो. आमचे सर म्हणाले,

‘माझी मुलं आता तुमच्या मुलांना पाय लावणार आहेत. त्या सगळ्यांच्या वतीनं मी आत्ताच क्षमा मागतो.’

आणि ते वाकले. तर्कशास्त्राचा तो माणूस, वर्षभर भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला, भर मैदानात वाकला. नागपूरचे सर गडबडून गेले. पण जुन्या वळणाचा माणूस, कोणी पाया पडलं की हात आपोआप पाठीवर जायचा. गेला. आणि तोंडातून निघालं, ‘यशस्वी व्हा.’ म्हणून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय म्हणालो ते. त्यांची पोरं त्यांच्याकडे बघतच राहिली.

आमच्या पोरांचे चेहरे तुम्ही पाहायला हवे होते. सगळ्यांचा मिळून एक नमस्कार पोहोचला होता, वर आशीर्वाद मिळाला होता, तोही समोरच्यांच्याच सरांचा. सरांनी हे आमच्यासाठी केलं, या विचारानं मला भरून आलं. मी ते ओरडून झाकलं.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या आणि खेळच बदलला. आता निळे बनियन धावत होते आणि आम्ही धाववत होतो. तरी गोल काही होईना. संपत आली मॅच. शेवटी लेफ्ट आउटनं डाव्या टोकावरून बॉल असा घातला की तो गोलसमोर सगळ्यांच्या पायांत आला. धूळ, गर्दी, कोणाचा पाय कोणाचा काही कळत नव्हतं. मी आत घुसलो. खरं सांगायचं तर मी बॉल मारलाच नाही. तो माझ्या नडगीवर येऊन आपटला आणि आत गेला. पण गेला! पोरं माझ्यावर येऊन पडली, पाठीत गुद्दे, डोक्यात टपल्या, मी खाली आणि सगळे वर. उरलेला वेळ कसा काढला ते विचारू नका. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता पळत होतो.

शेवटची शिट्टी झाली आणि आमचा एवढा आडदांड गोलकीपर खाली बसून ढसाढसा रडायला लागला. त्याला पाहून दुसरा रडला, मग मीही. लोक आरडाओरडा करत मैदानात घुसले, मला चारी बाजूंनी धरलं, कोणी सदरा ओढतोय, कोणी हात. इतक्यात गर्दीच्या मागून काठी वर आलेली दिसली, आणि आवाज आला, ‘सोडा त्याले! पोरगा हाये माझा. चूक कोनाच्यान होत नाई?’

बाबा होते. काठीनं माणसं बाजूला सारत ते आत आले, माझं मनगट धरलं आणि मला ओढत चिंचेखाली घेऊन गेले. लोक बाजूला झाले, म्हाताऱ्या माणसापुढे कोण काय बोलणार?  मला काहीच उमगेना. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले,

‘मी पाह्यला. बॉल तुझ्याच पायानं आपल्या घरात गेला. होते असं. त्याच्या नंतरई तू पळनं सोडलं नाई, तेबी मी पाह्यलं. हारला तं हारला. रडू नोको. घरी यायचं काम नाई. तू शिक.’

 मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घर!

‘बाबा,’ मी म्हणालो, ‘अर्ध्या खेळानंतर घरं बदलतात. ते त्यांचं घर होतं. आम्ही जिंकलो.’

त्यांनी गोलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘बदलते? अर्ध्या दिवसात कोनी बांधी बदलते काय?’

त्यांना पटेनाच. तुमच्या मास्तरनं मधातच त्यांचे पाय धरले, तवाच मी समजलो, ते म्हणाले. मग बॉल गेल्यावर सगळ्या पोट्ट्यांनी मिळून तुले बुकलला. अन् तो धिप्पाड गडी रडून काऊन राह्यला? मी एकेक गोष्ट समजावून सांगत गेलो, आणि शेजारचे काका चिंचेच्या बुंध्याला टेकून पोट धरून हसत सुटले. बाबा हसले नाहीत. सगळं ऐकून घेऊन त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

‘मंग मले कोनी सांगतलं काऊन नाई?’ एवढंच म्हणाले, जरा चिडूनच.

आता माझी पाळी होती रागवायची. म्हटलं, बाबा, एवढ्या गर्दीत काठी घेऊन घुसलात, कोणी ढकलून दिलं असतं, पायाखाली आला असतात म्हणजे? यायचं काय अडलं होतं?

‘जिंकला हे समजलं असतं तं बसून राह्यलो असतो,’ ते म्हणाले. ‘जिंकल्यावर तुले सारं गाव हाये. हारला वाटलं म्हनून आलो.’

 मागून पोरं मला खांद्यावर घ्यायला आली होती, हाका मारत होती, आणि मी बाबांचा हात काही सोडत नव्हतो.